वहिनीच्या फडताळातला हिरवा

वहिनी गेली हे मला एका पोस्टकार्डानं कळलं, आणि त्या कार्डाची शिसारी दीड महिना झाला तरी गेलेली नाही. कबनूरच्या शाळेत मी शिकवते. मधल्या सुट्टीत शिपायानं ते आणून हातात दिलं. अक्षर अण्णाचं, म्हणजे माझ्या मधल्या भावाचं. चारच ओळी. पहिलीत ‘कळविण्यास अत्यंत वाईट वाटते’, दुसरीत ‘सोमवारी सकाळी’, तिसरीत तेरावा कधी ते. चौथीला जागा पुरली नव्हती म्हणून ती कडेनं उभी लिहिली होती: ‘तिच्या फडताळाची किल्ली तुझ्याकडे असल्यास येताना आणणे.’ सोमवारी माणूस गेलं आणि कार्ड आलं गुरुवारी. तार का नाही केली, असं मी नंतर विचारलं तर म्हणाला, धावपळीत सुचलं नाही. किल्लीचं मात्र सुचलं होतं. अशुभाचं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायची आपल्याकडे रीत आहे. मी ते फाडलं नाही. वर्गातल्या टेबलाच्या खणात ठेवलं आहे, आणि अधूनमधून काढून ती उभी ओळ वाचते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, सुलोचना. माहेर चंदगडकडचं, जिथं पाऊस लागला की चार महिने कपडे वाळत नाहीत अशा गावातलं. लग्न होऊन कोल्हापूरला आमच्या घरी आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी सोळाची. मला ‘वन्सं’ म्हणायची आणि अहो-जाहो करायची, मी तिला ‘वैनी, तू’ म्हणायची. लग्नाला तीन वर्षं व्हायच्या आत दादा विषमज्वरानं गेला. स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षाची ही गोष्ट. गल्लीत अजून पताका लोंबत होत्या आणि आमच्या घरात वहिनीचं कुंकू पुसलं जात होतं. बांगड्या फोडायला ज्या शेजारणी आल्या त्यांनी ते काम किती उरकून, किती सराईतपणे केलं, ते मी दारात उभी राहून पाहिलं. एकीनं तर फुटलेल्या काचा सुपात भरता भरता आईला विचारलं, चहा केलाय का. त्यानंतर आईनं वहिनीचं बिऱ्हाड पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवलं. मागची खोली न्हाणीला लागून होती. तिथं वर्षानुवर्षं गुळाच्या ढेपा ठेवायचे. भिंतीला हात लावला तर चिकटायचा, कोपऱ्यात मुंग्यांची काळी रांग कायम, आणि झुरळं इतकी की दिवा लावला की भिंत हलल्यासारखी वाटायची. खिडकी एकच, ती उघडली की समोर शेजाऱ्यांच्या घराची शेवाळलेली काळी भिंत. त्या खोलीत माणूस ठेवायचं कुणाला वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, हे आता लिहिताना माझंच मला किळसवाणं वाटतं.

दोन वर्षं तिनं त्या खोलीत काढली. शिवणाचं मशीन घेतलं होतं, गल्लीतल्या बायकांची झंपर शिवायची. आणि मग एका आषाढात, ढेपा हलवून झाल्यावर, ती आईला म्हणाली, “आत्याबाई, खोलीला जरा रंग लावून घेऊ का?” आई म्हणाली, “रंग कसला? चुना मारून घे म्हणावं.” आईच्या लेखी भिंतीला चुना हा एकच प्रकार होता. वहिनीनं ‘बरं’ म्हटलं. तिच्या ‘बरं’मध्ये पुष्कळ काही मावायचं, हे आम्हाला कधी कळलं नाही.

चुना लावायला दस्तगीर मिस्त्री आले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या भिंती त्यांच्या हातच्या. ते रांजणात कळीचा चुना भिजवत बसले होते तेवढ्यात वहिनी आतून एक ओलं फडकं घेऊन आली. तिचा भाऊ आदल्या दिवशी मोटारीनं येऊन गेला होता. त्यानं येताना फडक्यात गुंडाळून एक जुडी आणली होती, भाताच्या तरव्याची. लावणीआधी भाताची जी वीतभर कोवळी रोपं असतात, ती. तिनं त्यातलं एक रोप काढलं, भिंतीला टेकवून धरलं आणि म्हणाली, “चाचा, असा रंग पायजे.”

मिस्त्री हसले. “वैनी, ह्यो रंग पुडीत मिळत न्हाय.”

“मग कुठं मिळतोय?”

“कुठंबी न्हाय. करायचा.” आणि मग जरा थांबून, आभाळाकडं बघून म्हणाले, “पर पावसात रंगाचा चुना लवकर वाळत न्हाय बघा. आठवडा घील. दिवाळीला करूया की.”

“दिवाळीला तरवा कुठला हो चाचा? तवर त्याचा भात झालेला असतोय.”

 मिस्त्रींनी पिवडी आणि निळीच्या पुड्या सोडल्या. पिवडी म्हणजे पिवळी माती, ती चुन्यात कालवायची, त्यात चिमूट चिमूट नीळ टाकायची, डिंकाचं पाणी घालायचं, ढवळायचं, भिंतीवर एक बोट ओढायचं आणि रोप शेजारी धरून बघायचं. वहिनी रोप धरून उभी. “जास्त निळं झालं.” “आता पिवळं वाटतंय.” “आता… आता जवळ आलं.” अर्धा दिवस दोघांचं हेच चाललं होतं. दादा गेल्यापासून तिनं सलग एवढं बोललेलं आम्ही ऐकलं नव्हतं. हिरवाच का, असं मी तिला विचारलंही. ती म्हणाली, “माहेरी मागचं दार उघडलं की आषाढात तेवढंच दिसतंय. दुसरं काय न्हाय, वन्सं.” जाताना मिस्त्री सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “एक ध्यानात ठेवा. ओल्या भितीकडं बघून कुणी काय बोलायचं न्हाय. वाळली की बोला.” भिंतीला ते भितच म्हणायचे.

मी त्या दिवशी ट्रेनिंग कॉलेजातून संध्याकाळी घरी आले आणि सरळ मागच्या खोलीत डोकावले. भिंती ओल्या होत्या. ज्यांनी रंगाचा चुना लावताना पाहिला असेल त्यांना माहीत आहे, ओला असताना तो कितीतरी गडद दिसतो. चारही भिंती हिरव्यागार, लग्नघरातल्या खणासारख्या. मी तिथून न्हाणीमागच्या नळावर गेले. आई होती, शेजारच्या काकू होत्या, आणखी दोघी-तिघी घागरी लावून उभ्या होत्या. मी वीस-एकवीस वर्षांची होते, जिभेला हाड नव्हतं, आणि बायकांना हसवलं की मला मोठं झाल्यासारखं वाटायचं. मी म्हटलं, “वैनीनं खोली तर हिरवी करून घेतली. आता चुडा तेवढा भरायचा राहिलाय!”

सगळ्या हसल्या. काकू तर घागर खाली ठेवून हसल्या. आईसुद्धा आधी हसली, आणि मग हसताना तिचा चेहरा बदलला. ते मी पाहिलं.

विधवेनं हिरवं ल्यायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. हिरवा चुडा, हिरवं लुगडं, हिरवा खण, सगळं सवाष्णीचं. वहिनीनं कधी अंगावर हिरवा धागा घेतला नव्हता. भिंतीला हिरवं लावू नये असं मात्र कुठं कुणी म्हटलेलं नव्हतं. ते माझ्या मस्करीनं म्हटलं. पाऊस लागून राहिला होता, भिंती वाळत नव्हत्या, आणि जो तो काहीतरी निमित्त काढून मागच्या खोलीत डोकावून तो ओला गडद हिरवा बघून जात होता. तिसऱ्या दिवशी मस्करीची बातमी झाली होती. सुलोचनाबाई दुसरं लग्न करणार. पाचव्या दिवशी बातमीला नवराही मिळाला होता, माहेराकडचा कुणीतरी, मोटारीनं येऊन गेलेला. तो तिचा सख्खा भाऊ होता हे काकूंना ठाऊक होतं, त्यांनीच त्याला चहा पाजला होता. तरी त्या मान हलवत ऐकत राहिल्या. ही बाई अजून जिवंत आहे, तेराव्याला वहिनीच्या फोटोपुढे पदर डोळ्यांना लावून बसली होती.

सातव्या का आठव्या दिवशी उघडीप झाली. सकाळी मी मागच्या खोलीत काहीतरी मागायला गेले आणि दारातच थांबले. भिंती वाळल्या होत्या. तो गडद भडकपणा कुठल्या कुठं गेला होता आणि राहिला होता एक निवळ, मऊ, ओलसर वाटणारा हिरवा, इतका हलका की हिरवा म्हणायलाही संकोच वाटावा. खिडकीतून आलेलं ऊन त्या शेवाळलेल्या भिंतीवरून परतून आत येत होतं आणि सबंध खोलीत पसरत होतं. गुळाची कळकट खोली ती हीच, हे खरं वाटेना. वहिनी मशीनवर बसली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, “वाळली बघा.” जे मागायला गेले होते ते न मागताच मी परत फिरले. 

त्याच दिवशी दुपारी अण्णा घरात कडाडला. ऑफिसात त्याला कुणीतरी विचारलं होतं, वहिनीचा बार कधी उडवताय. आईनं जेवण सोडलं. “घराण्याचं नाक कापलंस,” असं ती वहिनीला म्हणाली, आणि वहिनीनं नुसतं विचारलं, “मी काय केलं, आत्याबाई?” आईला सांगता येईना. कारण सांगायचं तर एवढंच होतं की, नळावर कुणीतरी मस्करी केली. कुणी केली हे आईला माहीत होतं, आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. त्या आठवड्यात मला बघायला सांगलीचे पाहुणे यायचे होते. मुलगी तोंडाळ आहे, हे त्यांच्या कानावर जायला नको होतं. मी गप्प बसले. एक वाक्य पुरलं असतं… ‘आई, ते मी बोलले, तिची काही चूक नाही.’ मी ते बोलले नाही. पाहुणे आले, पोहे खाऊन गेले, आणि माझं नाक चपटं आहे असा निरोप आला. एवढ्यासाठी मी तिला विकलं.

अण्णानं मिस्त्रींना निरोप धाडला की येऊन पांढरा चुना मारा. मिस्त्री आले, खोलीत उभे राहिले, वाळलेल्या भिंतीवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, “माझ्या हातनं झालंय. माझ्या हातनं पुसायचं न्हाय, मालक. दुसरा बघा.” गेले निघून. मग अण्णानं ईर्ष्येनं स्वतःच बंडी घालून कुंचा हातात घेतला. आणि आई म्हणाली, “सुले, बादली धर गं. एकट्यानं कसं व्हायचं त्याला?”

वहिनीनं बादली धरली. अण्णा स्टुलावर चढून पांढरे फराटे ओढत होता, त्याला कामाची सवय नव्हती, चुना सगळीकडे उडत होता, तिच्या मोकळ्या मनगटांवर, पदरावर, पापण्यांवर. एक हात मारला, खालून हिरवं दिसायचं. दुसरा मारला, तरी दिसायचं. तिसऱ्याला भिंत आजारी माणसासारखी फिकट पडली. सबंध वेळ वहिनी बादली या हातातून त्या हातात घेत उभी होती आणि मी दारात उभी होते. ती एकदाच बोलली. “भावजी, फडताळाच्या आत ऱ्हाऊ दे. कुंचा मावत न्हाय तिथं.” अण्णा दमला होता. “असू दे तिकडं,” म्हणाला. भिंतीतलं ते हातभर खोल फडताळ, त्याचं दार तिनं ढकलून लावलं. पुढच्या आठवड्यात तिथं एक कुलूप दिसलं.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी फारशी नाहीत. ती झंपर शिवत राहिली, गल्लीतल्या मुलींच्या लग्नातली हिरवी झंपरंसुद्धा. तिच्यावर हसलेल्या बायका तिच्याकडेच कापड घेऊन यायच्या आणि बाही जरा आखूड झाली म्हणून तोंड वाकडं करायच्या. कुलपाची किल्ली तिच्या कमरेला असायची. घरात एक समजूत पसरली की वहिनीनं माहेरचे दागिने फडताळात दडवलेत. अण्णाची बायको आली तेव्हापासून तर ती समजूत राहिलीच नाही, खात्री झाली. आई जायच्या आधी अंथरुणावर पडल्या पडल्या त्या बंद दाराकडं बघत असायची. मी नोकरीसाठी कबनूरला गेले, तिथल्या यंत्रमागांच्या खडखडाटात कानाला बरं वाटायचं, निदान तिथं कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. दर वर्षी आषाढात वहिनीचा भाऊ चंदगडहून एकदा येऊन जायचा, हातात ओलं फडकं. भाजी असेल, असं आम्ही समजायचो.

तिला शेवटची भेटले ती या दिवाळीत. काविळीनं डोळे पिवळे झाले होते, हात मशीनच्या चाकावर ठेवला तर चाक फिरत नव्हतं. मी तिचे पाय चेपत बसले होते. मनाशी दहा वर्षं घोळवलेलं वाक्य त्या दिवशीही तोंडातून निघत नव्हतं, आणि तीच बोलली. “वन्सं, त्या दिवशी तुमी नळावर बोलला नव्हं का, चुड्याचं. मी न्हाणीत हुतो. ऐकलं सगळं.” कोल्हापुरात राहून तीही ‘मी होतो, मी गेलो’ बोलायला लागली होती. माझे हात थांबले. ती म्हणाली, “मला बी हसू आलतं की. चांगलीच मस्करी हुती.” आणि खरंच हसली. मग दम लागला म्हणून थांबली. “फकस्त ओल्या भितीकडं बघून बोलला तुमी… एवढंच.” तिनं कमरेची किल्ली सोडून माझ्या हातात ठेवली. कशासाठी, ते सांगितलं नाही. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

तेराव्याला मी गेले. पंगत उठली होती. ‘फार सोशिक हो,’ असं एकजण बुंदीचा लाडू खाता खाता म्हणत होता आणि दुसरा ‘देवमाणूस’ म्हणून ढेकर देत होता. पानं उचलायच्या आत अण्णानं मला बाजूला घेतलं. “आणलीस का?” मागच्या खोलीत जमलेली ती माणसं मी जन्मात विसरणार नाही. अण्णा, त्याची बायको, शेजारच्या काकू, एक चुलते. फोटोपुढची समई तिकडं विझत आली होती आणि कुणाचं लक्ष नव्हतं. मी कुलूप काढलं. दार उघडलं.

आत तीन फळ्या होत्या. वरच्या दोन रिकाम्या. आणि आतली सगळी बाजू, मागची भिंत, कडा, कोपरे, तोच मऊ हिरवा. दहा वर्षांपूर्वीचा नव्हे, ताजा. खालच्या फळीवर पिवडीची पुडी, निळीची पुडी, चुना वाळलेली एक करवंटी, आणि कुंच्याचा झिजून बोटाएवढा राहिलेला तुकडा. ती दर आषाढात तरवा शेजारी धरून तो रंग नव्यानं कालवत होती आणि लावत होती. अण्णाची बायको पुढं झाली आणि बोटाच्या पेरांनी मागची भिंत ठोकून बघू लागली. “पोकळ हाय का बघा हो.” अण्णानं किल्लीच्या टोकानं थोडं खरवडलं. पापुद्रा निघाला, त्याखाली हिरवं, त्याखाली पुन्हा हिरवं. “येडी हुती,” अण्णाची बायको म्हणाली. काकू म्हणाल्या, “बया, रंगच की नुसता!” मला त्या क्षणी त्या खोलीत उभं राहणं अशक्य झालं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “चुड्याचं ते मी बोलले होते. नळावर. माझ्यामुळं झालं सगळं.”

“कसला चुडा?” अण्णा म्हणाला.

मी काकूंकडं पाहिलं. त्यांनाही काही आठवत नव्हतं. मी अण्णाला म्हटलं, तू या भिंतींवर पांढरं फासलंस, ती बादली धरून उभी होती. तो म्हणाला, “मी चुना तर दरवर्षीच मारतोय की. तू काय घेऊन बसलीयस?” खोटं बोलत नव्हता. खरंच विसरला होता. सबंध गल्ली विसरली होती. जिनं दहा वर्षं तो रंग हातभर फडताळात जिवंत ठेवला तिला, आणि मला, एवढ्या दोघींनाच ते लक्षात होतं, आणि आता मी एकटी उरले होते. मी अण्णाच्या हातातली किल्ली काढून घेतली, दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्लीसकट संध्याकाळच्या मोटारीनं परत आले.

गेल्या आठवड्यात अण्णाचं दुसरं कार्ड आलं. राग सोड, किल्ली पाठव, लोणच्याच्या बरण्या ठेवायला जागा नाही, फडताळ आतून चुना मारून स्वच्छ करून घेतो, असं लिहिलंय. मी उत्तर पाठवलेलं नाही. अण्णा रविवारची ही पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, आणि वाचून झाल्यावर शेजारी काकूंकडं देतो. तेव्हा दोघांनाही हे पोचेल. ती मस्करी माझी होती. माझ्या वहिनीचं काही चुकलं नव्हतं, तिला तिच्या माहेरच्या मागच्या दारातला एक रंग हवा होता. किल्ली माझ्याकडे आहे, ती मी देणार नाही. कुलूप तोडायचं तर खुशाल तोड, अण्णा. फक्त चुना कालवायच्या आधी एवढं बघून ठेव, की बादली धरायला या वेळी कुणी नाही.